दोरीच्या जागी शिकलेला माणूस हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
तथा अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती (राष्ट्रीय न्यास कायदा)

विषय : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण अणदूर येथे सुरू करण्याबाबत

महोदय,

आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर अशी घरं आहेत, जिथं तिशीतला, चाळिशीतला एक माणूस दिवसा खाटेला किंवा ओसरीच्या खांबाला बांधलेला असतो. बहुतेक वेळा बांधणारी त्याची आईच असते. तिला क्रूर म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती साठीला टेकलेली, तो अंगानं तिच्या दुप्पट. तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो, ताट भिरकावतो, शेजारच्या लेकराला चावतो, नजर चुकवून सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याकडे धावत सुटतो. सकाळी रोजंदारीला गेलं नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही. अशा वेळी दोरी सोडून दुसरं काय करायचं, हे तिला आजवर कुणीही शिकवलेलं नाही. मी अणदूरची रहिवासी. या घरांत माझं येणं-जाणं आहे. त्या आईला आणि तिच्या मदतीला येणाऱ्या माणसाला ते शिकवण्याची व्यवस्था करा, एवढ्यासाठी आपल्याला हे खुलं पत्र लिहीत आहे.

२०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १५ लाख माणसांची नोंद बौद्धिक अक्षमतेखाली झाली. गावात विचारलं तर प्रत्येकाला असं एखादं घर माहीत असतं. मूल लहान असेपर्यंत निदान विशेष शाळेचं दार तरी असतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की तेही बंद होतं आणि मुलगा पेटी घेऊन घरी येतो. शाळेत घंटा होती, प्रार्थना होती, रांगेत बसून जेवण होतं. घरी त्याच्यासाठी दिवसभर काहीच नसतं. वडील गेलेले किंवा थकलेले, भाऊ पुण्याला कामाला, बहीण सासरी. मग मारणं, ओरबाडणं, कपडे फाडणं वाढतं आणि लोक म्हणतात, "वय वाढलं तसं पोरगं बिघडलं."

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर हेच कित्येक वर्षं सांगत आले. बेवारस दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढू नका, त्यांचं पुनर्वसन आयुष्यभराचं हवं, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आनंद झाला. पण त्यांनी मांडलेला प्रश्न आपल्या तालुक्यातल्या घराघरांत तसाच उभा आहे. इथे मुलाला आई आहे, एवढाच फरक. तीही कायमची नाही.

सरकार काहीच देत नाही, असं मी म्हणणार नाही. ओळखपत्र आहे, प्रमाणपत्र आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आहेत, राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. आपल्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमते. हे सगळं लागतंच. पण दुपारी एक वाजता त्यानं ताट भिंतीवर मारलं, त्या क्षणी आईनं काय करावं, याचं उत्तर यातल्या एकाही कागदावर नाही. निवासी संस्थांतही वेगळं चित्र नसतं. काळजीवाहक म्हणून घेतलेल्या माणसाला झाडलोट, आंघोळ आणि जेवणाच्या वेळा समजावल्या जातात. अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर कसं उभं राहायचं, हे तो जुन्या कर्मचाऱ्याकडे बघून शिकतो. जुन्याला दरडावणं येत असेल तर नवाही दरडावायला शिकतो.

महोदय, हे वागणं विनाकारण नसतं. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांना वेगवेगळ्या परिस्थितीत बसवून बारकाईनं पाहिलं. एखादं मूल काम पुढे आलं की डोकं आपटायचं, एखादं कुणी लक्ष देईना तेव्हा, एखादं एकटं असताना. कृती तीच, पण प्रत्येकाचं कारण निराळं. पुढे १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं, की मुलाला "मला मदत करा" किंवा "माझं काम बघा" एवढं सांगण्याची सोपी रीत शिकवली, तर मारणं-तोडणं कमी होतं. कारण जे मारून मिळवावं लागत होतं, ते आता मागून मिळतं. जगभरच्या चांगल्या प्रशिक्षणाचा पाया आजही हाच आहे. आधी कारण शोधा. मग त्या माणसाला ते सांगण्याची दुसरी वाट द्या आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती बदला.

आमच्या भागातल्या एका वस्तीवर हे मी जवळून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव लिहीत नाही. तिशी ओलांडलेला माणूस, बोलणं दोन-चार शब्दांचं. जेवताना ताट फेकायचा आणि मुठीनं स्वतःचा गाल बडवायचा. घरात दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं बाहेरचं काहीतरी आहे, दुसऱ्याचं म्हणणं लाडावलाय. गावातलीच एक बाई, पूर्वी आरोग्याचं काम केलेली, त्या घरी जाऊ लागली. तिनं उपदेश केला नाही. शाळकरी वही काढली आणि आईला म्हणाली, "मारतंय कधी ते समदे सांगत्यात. मारायच्या आधी काय झालतं, तेवढं सांगा मला."

आई निरक्षर, म्हणून पुतणी लिहायची. किती वाजले, कोण होतं, ताटात काय होतं, आधी काय झालं, नंतर घरच्यांनी काय केलं. वही भरत गेली तसं एक दिसू लागलं. आमटीत कुस्करलेला भात असला की तो शांत जेवायचा. ज्वारीची भाकरी, त्यातही सकाळची कडक झालेली असली, की ताट उडायचं. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ किडून आत पू झाला होता. दाढ काढली आणि जेवतानाचं बडवणं थांबलं. किती दिवस तो माणूस "दुखतंय" म्हणून सांगत होता, आणि घरातले अंगारा लावत होते.

सगळंच थांबलं, असं मात्र नाही. दुपारचं ओरबाडणं राहिलं. वही पुन्हा चाळली तेव्हा कळलं, की त्या वेळी तो ओसरीवर एकटा बसलेला असतो आणि कुणी आलं की त्याच्यावर झडप घालतो. बाईनं त्याला शेळ्यांची वैरण करायला लावली. सगळं काम एकदम त्याच्यावर टाकलं नाही. पहिल्यांदा नुसती पेंढी उचलून देणं, मग ती सोडणं, मग शेळीपुढे टाकणं. प्रत्येक पायरीवर ती शेजारी उभी असायची. हाताला हात लागायचा तो गरजेपुरता. लग्नसराईतल्या डीजेचा प्रश्न मात्र कुणालाच सुटला नाही. वरातीच्या दिवशी त्याला आधीच शेतातल्या कोठ्यावर न्यायचं, एवढं घरच्यांनी ठरवलं. दुखणं, रिकामपण आणि आवाज अशी तीन कारणं निघाली आणि तिन्हींवर तीन निराळे उपाय. दोरीनं यातलं एकही मिटलं नसतं.

तिसरीच वाट धरणारी घरंही पुष्कळ आहेत. ती वाट म्हणजे गोळी. "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या, दिवसभर पडून राहू दे." २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मनोविकार नसलेल्या, पण आक्रमक वागणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या ८६ प्रौढांना तीन गटांत विभागलं. एका गटाला रिस्पेरिडोन, दुसऱ्याला हॅलोपेरिडॉल आणि तिसऱ्याला औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली. आक्रमकपणा तिन्ही गटांत घटला आणि सर्वांत जास्त घटला तो औषध नसलेल्या गटात. याचा अर्थ चालू औषध घरच्यांनी आपल्या मनानं बंद करावं, असा मुळीच नाही. फिटचं औषध तर कधीच नाही. अर्थ एवढाच, की केवळ वागणं आवरण्यासाठी गोळी हा पहिला उपाय ठरू नये. आधी माणसानं माणसाकडे नीट बघावं.

नीट बघणारं कुणी नसलं की काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या वसतिगृहातल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं, की त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीच्या दिवसांत कापड कसं घ्यायचं, कसं बदलायचं, कुठे टाकायचं, हे यातल्या अनेक मुलींना टप्प्याटप्प्यानं शिकवता येतं. ज्यांना जमत नाही त्यांना मदत करता येते. त्यासाठी शिकवणाऱ्या बाया हव्या होत्या, पुरेशा संख्येनं आणि शिकलेल्या. त्या नेमण्याऐवजी मुलींच्या शरीरावर सुरी चालवली गेली. तीस वर्षांपूर्वीची ही घटना मी आज आठवते, कारण माणूस शिकवण्याऐवजी शरीर आवरण्याची ही वृत्ती अजून गेलेली नाही.

पैसा ओतला की आपोआप सगळं नीट होईल, असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घेतले जात. मे २०११ मध्ये बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं आतलं चित्र दाखवलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना कर्मचारी जमिनीवर दाबून धरत होते, चापट्या मारत होते, त्यांच्यावर पाणी ओतत होते. अकरा जणांवर गुन्हे सिद्ध झाले, त्यातले सहा तुरुंगात गेले, रुग्णालय बंद झालं. नंतरच्या चौकशीत दिसलं, की तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा भर माणसाला आवळून कसं धरायचं यावरच होता. आवळायचं शिकवलं, तेच त्यांनी केलं.

म्हणून प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, यावर मला आपलं लक्ष वेधायचं आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलं की तालुक्याच्या सभागृहात एक दिवस, दीपप्रज्वलन, चहा-नाष्टा, भाषणं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या अंजेला हसिओटिस आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर काम करणाऱ्या २३ पथकांपैकी काहींच्या कर्मचाऱ्यांना वागणुकीला सकारात्मक आधार देण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं आणि बाकीची पथकं नेहमीसारखी चालू ठेवली. वर्षभरानं पाहिलं तर दोन्हीकडच्या माणसांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. प्रशिक्षण मिळूनही रोजच्या कामात ती पद्धत पुरती उतरली नव्हती. तिथले कर्मचारी शिकलेले, पगारी, व्यवस्था आपल्यापेक्षा भक्कम. तरीही नुसत्या वर्गानं भागलं नाही. पोहणं काठावर बसून शिकता येत नाही. विहिरीत कुणीतरी सोबत उतरावं लागतं. शिकलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या कामाच्या जागी, महिन्या-महिन्याला जाऊन त्याच्याबरोबर वही उघडून बसणारं कुणी नसेल, तर प्रशिक्षणावरचा खर्च वाया जातो. हा अभ्यास माझ्या मागणीच्या विरुद्ध जातो, असं कुणी म्हणेल. मला तो मागणी कशी असावी ते सांगतो.

आणि सोबत उतरण्याचं हे काम अणदूरला नवीन नाही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि गावोगावच्या, फारसं न शिकलेल्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ही वाट दाखवली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. गोव्यात 'संगत' संस्थेनं सामान्य माणसांना समुपदेशनाचे धडे देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांपर्यंत पोचवलं, तेही २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं. या प्रत्येक ठिकाणी आधी शंका घेतली गेली होती, की हे डॉक्टरांचं काम, या बायांना कसं जमणार? जमलं, कारण शिकवणारे एकदा शिकवून निघून गेले नाहीत. ताप मोजायला शिकलेली, बाळाचा श्वास मोजायला शिकलेली गावची बाई 'आधी काय झालं, नंतर काय झालं' हेही मांडायला शिकेल. त्या वस्तीवर ती शिकलेली मी पाहिली.

गावाची म्हणून एक जमेची बाजूही आहे. जिम मॅन्सेल आणि ज्युली बीडल-ब्राउन यांनी इंग्लंडमध्ये जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा, की अशा माणसाला नुसतं सांभाळू नका, रोजच्या प्रत्येक कामात त्याला वाटा द्या, लागेल तेवढीच मदत करा. बंद इमारतीत ही कामं शोधून काढावी लागतात. आपल्याकडे ती अंगणातच पडलेली आहेत. शेंगा फोडणं, पाणी भरणं, कोंबड्या झाकणं, सोयाबीनच्या गोण्या धरणं, देवळाचं आवार झाडणं. मुळशीजवळ कोळवणच्या साधना व्हिलेजमध्ये असे प्रौढ घरासारख्या घरांत राहतात, डोंबिवलीजवळच्या खोणीत पालकांनी उभं केलेलं 'घरकुल' आहे. ही कामं आदरानं पाहावीत अशी आहेत. पण मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पुणे-मुंबईच्या कुशीतली संस्था कुठे परवडणार? त्याचं लेकरू इथेच राहणार आहे. म्हणून शिकलेला माणूसही इथेच लागेल.

कायदा तर आपल्या बाजूनं केव्हाचा उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम ४७ मध्ये आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या शिक्षणात अपंगत्वाचा विषय घालायला सांगितलं आहे, आणि कुटुंबं व काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचंही. कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं, कलम ६ क्रूर वागणुकीपासून संरक्षण. भारतीय पुनर्वास परिषदेनं २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाबरोबर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. तो पुरा करणाऱ्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणतात. राज्यानं २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहेच. तो खुर्ची-भांड्यांच्या वाटपात संपतो, त्यातला काही भाग माणूस घडवण्यावर खर्च व्हायला हवा.

तेव्हा माझ्या मागण्या थेट मांडते.

पहिली, तालुकानिहाय यादी. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या घरी आशा आणि अंगणवाडी सेविकांनी जाऊन विचारावं, की दिवस कसा जातो, वागण्याचा त्रास काय, कुणाला बांधून ठेवावं लागतं का. ही विचारपूस गुन्हा शोधण्यासाठी नसावी. आईला पोलिसांची भीती वाटली, तर ती दोरी लपवेल.

दुसरी, अणदूरला प्रशिक्षणाचं केंद्र. शिकणाऱ्यांत आया-बहिणी, आशा, निवासी संस्थांचे काळजीवाहक आणि जमेल तिथे भाऊ-वडीलही असावेत, कारण हे काम फक्त बायांच्या गळ्यात टाकून चालणार नाही. शिकवायचं ते असं : आधी शरीर तपासणं, म्हणजे दात, कान, पोट, फिट, पाळी आणि चालू औषधं. मग वही ठेवणं. 'नको', 'पुरे', 'दुखतंय' सांगायची खूण शिकवणं. दोन गोष्टींतून एक निवडू देणं. कामाच्या लहान पायऱ्या करणं. अंगावर धावून आला तर स्वतःला आणि त्याला इजा होऊ न देता बाजूला कसं व्हायचं, आणि आपला स्वतःचा संताप कसा आवरायचा.

तिसरी, पाठपुरावा. प्रत्येक शिकलेल्या माणसाकडे निदान वर्षभर दरमहा अनुभवी कार्यकर्ता जावा. हे जमणार नसेल तर वर्गच भरवू नका.

चौथी, विसाव्याची जागा. महिन्यातून काही दिवस त्या माणसाला शिकलेल्या हातांत सोपवून आईला दवाखान्यात, लग्नाला, नुसतं झोपायला मोकळं होता आलं पाहिजे.

पाचवी, मोबदला. ज्या बाईला ओरबाडे खात, शांत राहून हे काम करायचं आहे, तिला 'सेवा' म्हणून फुकट राबवू नका. तिला ठरलेलं मानधन आणि दुखापतीसाठी विमा मिळावा. जिथं काळजीवाहकाचा अपमान होतो, तिथं तो अपमान शेवटी सांभाळल्या जाणाऱ्या माणसाच्या अंगावर उतरतो.

महोदय, आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. कुपोषण, लसीकरण, शाळा यांचे आकडे आपल्या टेबलावर दरमहा येतात. किती प्रौढ माणसं बांधलेली आहेत आणि किती घरांची दोरी सुटली, हा आकडाही आपण मागवायला सुरुवात करावी. मागितला जातो तो आकडा हलतो, हे प्रशासनात सगळ्यांना माहीत आहे.

स्थानिक स्तर समितीची पुढची बैठक आपण अणदूरला घ्यावी, आणि पालकत्वाच्या अर्जांबरोबर वरच्या पाच मागण्या विषयपत्रिकेवर ठेवाव्यात. तुळजापूर, उमरगा आणि लोहारा तालुक्यांतल्या आयांना त्या दिवशी बोलवावं, येण्याजाण्याचं भाडं द्यावं, आणि त्यांच्या मुलांनाही सोबत आणू द्यावं. बैठकीत आवाज होईल, कुणी उठून फिरेल, कुणी ओरडेल. तरी बैठक चालू ठेवावी. या कामाची सुरुवात तिथूनच होईल. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, लागते ती आपली सही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
अणदूरची एक रहिवासी
ता. तुळजापूर, जि. धाराशिव